पान हिरवं आहे, पण बी धरलं का?



उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी इकडे आले, की दोन-तीन दिवसांत एक गोष्ट हमखास घडते. सकाळी चहाच्या आधी त्यांतलं कुणीतरी ड्राइव्हवेच्या कडेला वाकून काहीतरी खुडत असतं. फरशीच्या फटीत घोळ, वाफ्याच्या कडेला चाकवत, कुंपणापाशी माठाचा कुणी चुलत भाऊ. मंडईत पैसे मोजून आणायची भाजी इथे फुकट उगवली आहे आणि कुणाचं लक्षच नाही! मग आपण आतून ओरडतो, “आई, ते नको गं तोडूस, त्याच्यावर औषध मारलंय.”

“औषध मारणं” हा आपल्याकडचा शब्दप्रयोग मोठा गमतीचा आहे. विष म्हणायचं नाही म्हणून औषध म्हणायचं, आणि ते द्यायचं नाही तर मारायचं. पण ते ज्याला मारायचं त्याला मारतं, एवढ्यावर आपला विचार थांबतो. आज आपण थोडं बाजूला पाहणार आहोत. ज्याच्यावर औषध मारायचंच नव्हतं, जे नुसतं शेजारी उभं होतं, त्या रानटी झाडाचं काय होतं? आणि ते तपासतात कसं?

शेतात किंवा लॉनवर मारलेलं सगळं तणनाशक तिथेच राहत नाही. बारीक थेंब वाऱ्यावर जातात. काही औषधं पानावर पडल्यानंतर गरम दुपारी पुन्हा वाफ होऊन उडतात. थोडं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याकडे जातं. हवेतून भलतीकडे जाण्याला इथले शेतकरी “ड्रिफ्ट” म्हणतात. बांधावर, रस्त्याच्या कडेला, जंगलाच्या किनारीला पोचणारी मात्रा लहान असते. शेतात मारली त्याच्या शंभरावा हिस्सा म्हणा, कधी त्याहून कमी. एवढ्याने झाड सहसा मरत नाही. पान थोडं वाकडं होतं, किंवा तेही होत नाही. पंधरा दिवसांनी पाहिलं तर झाड ठणठणीत दिसतं.

इथेच खरी अडचण आहे. पान हिरवं असलं म्हणजे झाडाचं सगळं ठीक आहे असं नसतं. रानातल्या झाडाला कुणी पेरत नाही. त्याचं त्यालाच फुलायचं असतं, मधमाशीला बोलवायचं असतं, बी धरायचं असतं आणि ते मातीत टाकायचं असतं. ते झालं नाही, तर यंदा हिरवंगार उभं असलेलं झाड त्या जागेवरचं शेवटचंही असू शकतं. आणि पाहणाऱ्याला काही कळणारही नाही.

आता तपासणीकडे येऊ. अमेरिकेत कोणतंही कीडनाशक किंवा तणनाशक विकायचं तर सरकारदरबारी नोंदणी लागते. त्याचा मूळ कायदा १९४७चा. १९७०मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, स्थापन झाली आणि हे काम तिच्याकडे आलं. चाचण्या कंपनीने करवून घ्यायच्या, पण त्या कशा करायच्या याचे नियम ईपीएचे. झाडांसाठी मुख्य चाचण्या दोन. पहिलीत बी पेरून मातीवर औषध फवारतात आणि रोपं वर येतात का ते पाहतात. औषध न मारलेल्या कुंड्यांतली निम्मी रोपं उगवली, की तिथून पुढे १४ दिवस मोजायचे. दुसरीत दोन-चार पानांची कोवळी रोपं घेऊन त्यांच्या अंगावर फवारा मारतात आणि २१ दिवस थांबतात. मग किती मेली ते मोजायचं, उंची मोजायची, रोपं कापून, वाळवून त्यांचं वजन करायचं. कमीजास्त मात्रांचे गट केलेले असतात. त्यांवरून ज्या मात्रेला वाढ पाव हिश्श्याने घटते ती मात्रा काढतात. पुढचा सगळा हिशेब, म्हणजे शेताच्या कडेला किती औषध पोचलं तर चालेल, हा बऱ्याच अंशी या आकड्यावर उभा राहतो.

एकवीस दिवसांत जेमतेम मेथीची जुडी तयार होते. मेथीदाणा नाही.

चाचणीत झाडं कोणती घेतात तेही पाहा. दहा जाती लागतात, सहा द्विदल आणि चार एकदल. त्यांत सोयाबीन, मका आणि एखादं जमिनीखाली पोसणारं पीक हवंच. उरलेली जागाही बहुधा कांदा, टोमॅटो, काकडी, कोबी, ओट अशी पिकंच भरतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भाताच्या शितावरून ज्वारीची कशी करणार? या देशात हजारो जातींची रानफुलं आणि गवतं आहेत. ती मका-टोमॅटोसारखीच वागतील असं आपण धरून चालतो.

यात कुणाची लबाडी आहे असं मला म्हणायचं नाही. पिकं घेण्यामागे कारण आहे. पिकाचं बी दुकानात मिळतं, सगळं एकदम उगवतं, रोपं एकसारखी येतात, म्हणून फरक दिसला तर तो औषधाचाच आहे असं म्हणता येतं. रानटी बियांचं तसं नाही. काही आज उगवतात, काही महिन्याने, काहींना आधी एक हिवाळा थंडीत पडून राहावं लागतं. हजारो वर्षांत शिकलेलं शहाणपण आहे ते. सगळी एकदम उगवली आणि पाऊस दगा देऊन गेला तर वंशच संपायचा. झाडासाठी ते शहाणपण, प्रयोग करणाऱ्यासाठी मात्र डोकेदुखी.

तरीही काही लोकांनी बी येईपर्यंत थांबायचं ठरवलं. त्यामागे एका नव्या प्रकारच्या औषधांची कहाणी आहे.

१९७०च्या दशकात ड्युपाँ कंपनीतल्या जॉर्ज लेव्हिट या रसायनशास्त्रज्ञाने सल्फोनिल युरिया नावाचा तणनाशकांचा गट शोधला. तोवर तणनाशक एकराला पौंडांनी मारावं लागे. ही नवी औषधं काही ग्रॅममध्येच काम करायची. झाडाच्या शरीरात काही अमिनो आम्लं तयार करणारं एक यंत्र असतं, नेमकं तेच ही औषधं बंद पाडतात. माणसात आणि जनावरांत ते यंत्रच नाही, त्यामुळे आपल्याला त्यांचा धोका तुलनेने कमी. पौंडांऐवजी ग्रॅम, म्हणजे पर्यावरणावरचा भारही कमी. लेव्हिट यांना या कामासाठी अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकही मिळालं, आणि ते योग्यच होतं.

पण नाण्याची दुसरी बाजू अशी, की जे औषध चिमूटभर पुरतं, त्याचा उडालेला कणही पुरतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमा विद्यापीठाचे जॉन फ्लेचर आणि ईपीएच्या ऑरिगनमधल्या कॉर्व्हालिस प्रयोगशाळेचे थॉमस फ्लीगर व हिल्मन रॅच यांनी या गटातल्या क्लोरसल्फ्युरॉन या औषधाचा चेरीच्या झाडांवर प्रयोग केला. मात्रा अगदी नगण्य, म्हणजे वाऱ्यावर उडून येईल तेवढीच. पानांवर फारसं काही दिसलं नाही. पण फळं कमी धरली. १९९६मध्ये त्यांनी कॅनोला, सोयाबीन, सूर्यफूल आणि स्मार्टवीड या रानटी वनस्पतीवरचे निष्कर्ष छापले. स्मार्टवीडचं बी रानबदकं आवडीने खातात, म्हणून तिची निवड. निष्कर्ष तोच: झाड वाढीच्या एका नाजूक टप्प्यावर असताना नेमका फवारा आला, तर शेतातल्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी औषध दाणे घटवायला पुरतं, आणि झाडाकडे पाहून ते ओळखता येत नाही.

“नाजूक टप्पा” म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याकडे आंब्याला मोहर असताना अवकाळी पाऊस झाला की कोकणात घराघरांतून हळहळ ऐकू येते. तोच पाऊस महिन्याभराने आला तर झाडाला काही होत नाही. फुलोऱ्याच्या वेळी झाडाच्या आत फार बारीक काम चाललेलं असतं. कळीच्या आत परागकण तयार होत असतात, बीजांड तयार होत असतात. पेशी झपाट्याने विभागत असतात आणि त्यांना त्या अमिनो आम्लांची गरज सगळ्यात जास्त असते. पान आधीच तयार झालेलं असतं, ते तग धरतं. कळी गळते.

मग पुढचा प्रश्न: प्रत्यक्षात फवारणी होते तेव्हा बांधावरची झाडं कोणत्या टप्प्यात असतात? कॅनडात सेलिन बूतँ आणि डेन्मार्कमध्ये बीएटे स्ट्रांडबेर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष कुंपणाकडेला आणि झाडीत जाऊन हेच पाहिलं. त्यांचं काम २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. शेतात फवारणीचे दिवस येतात तेव्हा कडेची कितीतरी झाडं रोपट्याच्या अवस्थेत नसतातच, ती कळ्या-फुलांवर आलेली असतात. त्या अवस्थेत औषध पडलं तर फुलं उशिरा येतात, बी कमी धरतं, आणि पुष्कळदा हा परिणाम कोवळ्या रोपांवरच्या परिणामापेक्षाही मोठा असतो. कोवळी रोपं सगळ्यात नाजूक, म्हणून त्यांच्यावर तपासलं की पुरे, अशी आपली समजूत असते. ती इथे डळमळते. डेन्मार्कमध्येच त्याआधी कुंपणाच्या हॉथॉर्नवर असाच प्रयोग झाला होता. सल्फोनिल युरिया गटातल्याच मेटसल्फ्युरॉनच्या हलक्या फवाऱ्याने त्याची लाल बोरं घटली. ती बोरं म्हणजे पक्ष्यांचं हिवाळ्याचं धान्य.

उशिरा फुलणं हे ऐकायला फारसं गंभीर वाटत नाही. आठ दिवसांनी फुललं तर काय बिघडलं? पण फूल एकटं नसतं. त्याची माशी ठरलेल्या दिवसांत उडते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जॉन टूकर यांच्या गटाने अल्फाअल्फा म्हणजे लसूणघास, आणि बोनसेट नावाचं पांढऱ्या फुलांचं रानटी झाड, या दोघांवर डायकॅम्बा या तणनाशकाची ड्रिफ्टएवढी मात्रा मारून पाहिली. शेतातल्या मात्रेच्या सुमारे एक टक्का मात्रेलाही फुलायला उशीर झाला आणि फुलं कमी आली. जी फुलं आली त्यांच्या परागात प्रथिनं नेहमीइतकीच होती, म्हणजे माल चांगला होता, दुकान उशिरा उघडलं होतं एवढंच. पण गिऱ्हाईक कमी आलं. त्या झाडांवर कीटकांच्या फेऱ्या कमी झाल्या.

उलट बाजूनेही असंच होतं. औषध झाडावर न पडता माशीवर पडलं तरी झाडाचंच बी घटतं. ब्रिटनमध्ये डारा स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दाखवलं, की एका निओनिकोटिनॉइड कीटकनाशकाचा थोडा अंश पोटात गेलेल्या भुंगेमाश्या सफरचंदाच्या फुलांवर कमी वेळा गेल्या, आणि त्या झाडांच्या सफरचंदांत बिया कमी निघाल्या. सफरचंद कापल्यावर बिया मोजायची सवय आपल्याला नसते. एकदा मोजून पाहा.

आता कॉर्व्हालिसला जाऊ. ऑरिगन राज्यात विलामेट नदीचं लांबलचक खोरं आहे. तुम्ही उत्तरेकडच्या राज्यात राहत असाल तर तुमच्या लॉनच्या गवताचं बी याच खोऱ्यातून आलेलं असण्याची दाट शक्यता आहे, कारण लॉनच्या बियाण्याची शेती हा तिथला मोठा धंदा आहे. एका जातीच्या गवताचं शुद्ध बी हवं तर दुसरं काहीही उगवू द्यायचं नाही, म्हणजे तणनाशक आलंच. आणि त्याच शेतांच्या मध्ये, इकडेतिकडे, मूळच्या गवताळ माळाचे तुकडे उरले आहेत, मूळ क्षेत्राच्या दोनेक टक्क्यांच्या आत. कालापूया लोक हजारो वर्षं या माळांवर राहिले. निळ्या फुलांच्या कॅमसचे कंद खणून, जमिनीत भाजून ते खात. कॅमसला बियापासून फुलावर यायला तीन ते पाच वर्षं लागतात. एकवीस दिवसांत तिच्याबद्दल काय कळणार?

ईपीएच्या कॉर्व्हालिस प्रयोगशाळेत डेव्हिड ओल्झिक, फ्लीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकं बाजूला ठेवून या माळावरच्याच झाडांवर काम सुरू केलं. आधी त्यांनी १७ जाती घेऊन त्यांची तुलना केली. ग्लायफोसेट, म्हणजे राउंडअपमधलं औषध, शेतातल्या मात्रेच्या शेकडा २ ते ४ एवढं मारलं तरी सगळ्यात नाजूक जातींचं वजन पावपट घटलं. काही जातींवर मात्र तेवढ्याने फारसा फरक पडला नाही. एकाच माळावर शेजारी शेजारी वाढणारी झाडं इतकी वेगळी! मग त्यांनी आणखी पुढे जाऊन ऑरिगन स्टेट विद्यापीठाच्या दोन शेतांवर छोटे छोटे कृत्रिम माळच लावले. कुंडीतलं एकटं रोप नाही, तर जसं रानात असतं तशी अनेक जातींची दाटी. त्यांवर ग्लायफोसेट आणि डायकॅम्बाच्या ड्रिफ्टएवढ्या मात्रा, वेगवेगळ्या आणि एकत्र, मारल्या आणि मग फुलं, तुरे आणि बी मोजलं. २०१७मध्ये हे प्रसिद्ध झालं. निकाल एका ओळीत सांगता येण्यासारखा नाही. जातीनुसार, शेतानुसार, वर्षानुसार परिणाम बदलला. पण अर्धवट मात्रांनीही फुलाबियांत बदल झाले, हे दिसलं. खरं सांगायचं तर मला हा गुंतागुंतीचा निकालच जास्त विश्वासाचा वाटतो. रानात शेजाऱ्याचं दुबळं होणं हे कुणाच्या तरी फायद्याचं असतं. एकाची फुलं घटली की दुसऱ्याला ऊन मिळतं, आणि माळाचा चेहरा हळूहळू बदलतो. असा बदल एकट्या कुंडीत कधीच दिसणार नाही.

कुठल्या झाडाला याचा फटका जास्त? आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची आठवण काढा. सात वर्षं ती नुसती पानांवर असते, मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा होतो, बी पडतं आणि झाडं वाळून जातात. सहाव्या वर्षी तिच्यावर काही उडून आलं तर ती कदाचित सावरेल. आठव्या वर्षी, कळ्या असताना आलं, तर पुढच्या पिढीचं बीच गेलं. उलट दरवर्षी कंदातून फुटणारं झाड एखादं वर्ष फुकट गेलं तरी तग धरतं. एका वर्षात जगून मरणाऱ्या झाडाची भिस्त मात्र पूर्णपणे बियांवर, फार तर मातीत आधीच पडून राहिलेल्या जुन्या बियांवर. म्हणून “बी किती टक्के घटलं” हा आकडा एकटा पुरत नाही. कुणाचं घटलं, आणि त्याच्या गाठीला दुसरं काय आहे, हे विचारावं लागतं.

त्याच विलामेट खोऱ्यात फेंडर्स ब्लू नावाचं इंचभर पंखांचं निळं फुलपाखरू आहे. १९३०च्या दशकानंतर ते दिसेनासं झालं, नामशेष झालं असं मानलं गेलं, आणि १९८९मध्ये पुन्हा सापडलं. त्याच्या अळ्यांचं मुख्य अन्न म्हणजे किंकेड्स ल्युपिन नावाचं शेंगावर्गीय रानझाड. २००० साली दोघांनाही संरक्षित यादीत घातलं, फुलपाखरू “धोक्यात” आणि झाड “संकटाच्या उंबरठ्यावर”. माळ राखून, ल्युपिन लावून फुलपाखरांची संख्या वाढली आणि २०२३मध्ये त्याचा दर्जा “धोक्यात”वरून एक पायरी खाली आणला गेला. गंमत अशी, की तिथे उपऱ्या गवतांना आवरायला सांभाळून तणनाशकही वापरलं जातं. तेव्हा औषध म्हणजे राक्षस, असं सोपं उत्तर इथे चालत नाही. ल्युपिन कोणत्या आठवड्यात कळीवर असते हे माहीत असलं, तर तेच हत्यार तिच्या बाजूने वापरता येतं. हे माहीत होण्यासाठीच तर बी येईपर्यंतची चाचणी.

डायकॅम्बाचं नाव वर आलं, त्याची कथा तुम्ही बातम्यांत ऐकली असेल. माठाच्या कुळातलं पामर अमरंथ हे इथल्या शेतकऱ्यांचं मोठं दुखणं. एकेका मादी झाडाला लाखो बिया, आणि ग्लायफोसेटला ते जुमानेनासं झालं. म्हणून डायकॅम्बा सहन करणारं सोयाबीन आणि कापूस आला, आणि २०१७मध्ये त्यावर उन्हाळ्यात डायकॅम्बा फवारला गेला. तो वाफ होऊन उडाला. मिसुरी विद्यापीठाच्या केव्हिन ब्रॅडली यांनी त्या वर्षी ३६ लाख एकर सोयाबीनला इजा झाल्याचा अंदाज दिला. २०२०मध्ये आणि पुन्हा २०२४मध्ये न्यायालयांनी या वापराची परवानगी रद्द ठरवली. सोयाबीनची इजा मोजली गेली, कारण सोयाबीनला मालक आहे, तो तक्रार करतो. त्याच वाऱ्याखाली उभ्या असलेल्या बोनसेटला मालक नाही.

आता नियम कुठवर आले आहेत? १९७३च्या संकटग्रस्त जीवांच्या कायद्याखाली संरक्षित असलेल्या झाडांसाठी ईपीए पाव घटीची मात्रा धरत नाही. चाचणीत काहीच परिणाम न दिसलेली मात्रा धरते. ऑगस्ट २०२४मध्ये तिने तणनाशकांसाठी एक नवं धोरण जाहीर केलं. ९००हून अधिक संरक्षित जाती, म्हणजे झाडं आणि झाडांवर जगणारे जीव, डोळ्यांसमोर ठेवून शेताच्या कडेला न फवारलेला पट्टा सोडणं, पाणी वाहून जाऊ न देणं असे उपाय त्यात आहेत. पण हिशेबाच्या मुळाशी आकडे त्याच १४ आणि २१ दिवसांच्या चाचण्यांचे. माझ्या मते दहापैकी दोन-तीन जाती तरी रानटी घ्याव्यात आणि त्या बियांवर येईपर्यंत ठेवाव्यात, एवढं तरी मागायला हरकत नाही. खर्च वाढेल, वेळ लागेल. पण एका वर्षात बी देणारी रानझाडं पुष्कळ आहेत.

हे झालं सरकारचं. आपल्या घराभोवतीचं काय? “वीड अँड फीड” म्हणून मिळणाऱ्या लॉनच्या पिशवीवरचा मजकूर चष्मा लावून वाचा. त्यात पुष्कळदा २,४-डी आणि डायकॅम्बा असतात. लेबलावर एक वाक्य ठरलेलं असतं, की लेबलाविरुद्ध वापर हा केंद्रीय कायद्याचा भंग आहे. म्हणजे वारा किती असताना फवारू नये हे तिथे लिहिलं असेल, तर तो सल्ला नसून कायदा आहे. तुमच्या लॉनवाल्यालाही तो लागू आहे, आणि त्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फवारणं टाळता येत नसेल तर कुंपणाकडेची फुलं कळीवर असताना तरी टाळा. लहानशा अंगणाला तर खुरपं पुरतं. आलेल्या आजी-आजोबांना ते काम आवडतंही, असा अनुभव आहे. आणि घोळ-चाकवताची भाजी करायचीच असेल, तर जिथे औषध पडलेलं नाही याची तुम्हाला खात्री आहे अशा वाफ्यातलीच करा.

शेजारच्या शेतातून किंवा मैदानातून उडून आलेल्या औषधाने तुमची झाडं वाकडी झाली, तर तारखेसह फोटो काढा आणि राज्याच्या कृषी खात्याला लगेच कळवा. दिवस जातात तसा पुरावा जातो. सोसायटीने, म्हणजे एचओएने, “लॉनच हवं” असा धोशा लावला असेल तर राज्याचा कायदा पाहा. मेरीलँडने २०२१मध्ये रानझाडांच्या बागांना अशा सक्तीपासून संरक्षण दिलं आहे.

आणि मुलांसाठी एक उद्योग. औषध अजिबात न वापरता करायचा. अंगणात किंवा जवळच्या पायवाटेवर मिल्कवीडचं एक झाड निवडा. ती आपल्या रुईची नातेवाईक, मोनार्क फुलपाखराचं माहेर. चीक डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नका. दर रविवारी कळ्या किती, उमललेली फुलं किती, शेंगा किती, हे वहीत लिहा. “नेचर्स नोटबुक” या राष्ट्रीय प्रकल्पात अशा नोंदी घरबसल्या देता येतात. त्याच जातीचं दुसरं झाड, शेताच्या किंवा फवारलेल्या लॉनच्या कडेचं, शेजारी मांडा. दोन झाडांवरून काही सिद्ध होत नाही, हे मुलांना आधीच सांगा, म्हणजे वीस झाडं का लागतात ते त्यांना आपोआप कळेल. शरदात शेंग तडकायच्या आत बिया मोजा, त्यांतल्या वीसेक ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, आणि वसंतात पेरून किती उगवतात ते पाहा. फ्रिजमधल्या डब्यावर चिठ्ठी मात्र ठळक अक्षरांत लावा. मिल्कवीड विषारी आहे, आणि घरातलं कुणीतरी जवस समजून ते चटणीत वाटायचं.